क्लार्कवहिनींची आतली बातमी

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली, सुट्टी संपून शाळा उघडली त्याच आठवड्यात क्लार्कवहिनींच्या चपलेचा पट्टा तुटला आणि नववीच्या अर्ध्या मुलांची वाट बदलली. पट्टा तुटला तो सुतारकामाच्या खोलीपुढे. थोडा पुढे, उच्च गणिताच्या दाराशी तुटला असता, तर ही गोष्ट सांगण्यासारखी उरलीच नसती.

क्लार्कवहिनी म्हणजे शाळेच्या हेडक्लार्कची बायको. हेडक्लार्क इतका सरळ माणूस, की शाळेतली टाचणीसुद्धा चुकून खिशातून घरी आली तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवायचा. बातमीचं तर नावच नको.

"अहो, उच्च गणिताला यंदा जागा किती?" त्या सकाळी वहिनींनी विचारलं.

"शाळेची गोष्ट शाळेत."

"मी काय दवंडी पिटणार आहे? आपल्याच मुलीचा प्रश्न आहे ना!"

"म्हणूनच सांगत नाही," असं म्हणून त्यांनी छत्री उचलली आणि ते निघून गेले.

वहिनींनी धुतलेली कपबशी पुन्हा धुतली. जीव नुसता टांगणीला लागला होता. भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र हे विषय नववीत सगळ्यांनाच होते, त्यातून कोणाची सुटका नव्हती. प्रश्न होता पाचव्या विषयाचा. उच्च गणित घेतलं की इंजिनिअरिंगची वाट मोकळी, हिशेबशास्त्र घेतलं की बँकेची. चित्रकलेची वाट कुठे जाते ते कोणालाच नक्की माहीत नव्हतं आणि सुतारकामाची वाट कोणी विचारतच नसे. मुख्याध्यापकांना अर्जबिर्ज आवडत नसत. ठरल्या दिवशी प्रत्येक विषयाचे सर आपापल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसायचे, पालकांनी रांग लावायची, जागा भरल्या की दार बंद. आणि एकदा नाव लागलं की लागलं. मग देव आला तरी बदलायचं नाही.

वहिनींनी मुलीला, म्हणजे बेबीला, इंजिनिअर करायचं ठरवलं होतं. स्वतः त्या सातवीत शाळेतून घरी बसल्या होत्या. बेबी गणितात बरी होती, पण "उच्च गणित" म्हटलं की तिचा चेहरा औषध पाजल्यासारखा व्हायचा. वहिनी म्हणायच्या, "भिते जरा, होईल सवय." तिच्या खिशात कायम लाकडाचा भुसा सापडायचा. त्यावर वहिनींचं म्हणणं होतं की पोरगी पेन्सिलींना फार टोक करते. स्वयंपाकघरातलं लंगडं स्टूल त्याच सुमारास डगमगायचं थांबलं. ते नवऱ्याने ठीक केलं असावं असं वहिनींना वाटलं. नवऱ्याला वाटलं, बायकोने सुतार बोलावला असेल.

तर मायलेकी घाईघाईने शाळेत पोचल्या. गणिताची खोली व्हरांड्याच्या टोकाला. तिथे रांग लागलेली लांबूनच दिसली आणि वहिनींनी पाय उचलला, तेवढ्यात पट्टा तुटला.

"बेबी, पळ! घरातून सेफ्टी पिन घेऊन ये. आणि वाटेत रेंगाळू नकोस!"

बेबी गेली. एका पायात चप्पल आणि एक हातात, अशा अवस्थेत वहिनी जवळच्याच पायरीवर टेकल्या. पायरी सुतारकामाच्या खोलीची होती. दारात सुतारकामाचे सर एकटेच माश्या मारत बसले होते. वहिनींना पाहून ते गडबडीने उभे राहिले.

"या, या! नाव घेऊ?"

"छे, छे! मी आपली जरा बसलेय."

"बसा, बसा," सर हिरमुसून म्हणाले.

समोरून बँकेतल्या बाई आल्या. मुलगा मागे. वहिनींना पाहून त्या थबकल्या. हेडक्लार्कची बायको सुतारकामाच्या दारात!

"वहिनी, तुम्ही इकडे कशा?"

"काही नाही हो, पट्टा तुटला."

"हो का? बरोब्बर इथेच तुटला?" बाई गालातल्या गालात हसल्या आणि पोराला म्हणाल्या, "ए, उभा राहा इथे."

"अहो, खरंच तुटलाय! हा बघा!" वहिनींनी चप्पल नाचवून दाखवली.

"असू दे, असू दे. तुम्हाला सांगता येत नसेल, मी समजू शकते. मी कोणाला काही बोलणार नाही."

आणि त्यांनी ते ताबडतोब दातांच्या डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर गणिताच्या रांगेतून निघून बाईंच्या मागे आले. डॉक्टरांना येताना पाहून आणखी चारजण आले. शाळेत कुजबुज पसरायला वारा लागत नाही. कोणी म्हणालं, उच्च गणित पुढच्या वर्षी बंद होणार. कोणी म्हणालं, इंजिनिअरिंगला आता सुतारकामच लागणार, वरून आदेश आलाय. "हेडक्लार्कांनी कालच घरी सांगितलं म्हणे!"

वहिनींना हसावं की रडावं कळेना. पण एक मात्र ध्यानात आलं. गणिताची रांग विरळ झाली होती. देवच पावला! त्या उठल्या आणि एक पाय अनवाणी, अशा लंगडत गणिताच्या खोलीकडे निघाल्या. मागे पावलं वाजली. वळून बघतात तो बँकेतल्या बाई, डॉक्टर, सगळी रांगच मागे!

"तुम्ही कुठे निघालात?" वहिनी ओरडल्या.

"तुम्ही जाल तिकडे," डॉक्टर म्हणाले. "काही बदललं का आतलं?"

"मी पाणी प्यायला चाललेय!"

मग त्यांना पाणी प्यावंच लागलं. त्यांच्यामागे सगळे पाणी प्यायले. वहिनी परत पायरीवर येऊन बसल्या, रांगही परत आली. एवढी, की तिचं शेपूट फाटकापर्यंत गेलं. सुतारकामाच्या सरांनी घाम पुसला, खुर्ची झाडली, आणि वर्षानुवर्षांत पहिल्यांदा ते जोरात म्हणाले, "गर्दी करू नका! रांगेने या!"

आता वहिनींचं काय झालं ते ऐका. बसल्या बसल्या त्या रांगेकडे बघू लागल्या. त्यात बँकेतल्या बाई होत्या, ज्यांनी कधी घासाघीस केल्याशिवाय भाजी घेतली नव्हती. डॉक्टर होते. खुद्द गणिताच्या सरांचा मेव्हणा होता! एवढी शिकलेली माणसं उगाच उन्हात उभी राहतील? यांना काहीतरी कळलंच असणार. आणि आपला नवरा! "म्हणूनच सांगत नाही," म्हणाला होता सकाळी. म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी होतं! सख्ख्या बायकोपासून लपवलं!  ही अफवा आपल्याच चपलेतून निघाली आहे, हे त्या साफ विसरल्या.

"वहिनी, तुम्हाला नाव द्यायचं नसेल तर बाजूला व्हा ना," बँकेतल्या बाई म्हणाल्या. "पहिला नंबर उगाच अडवून बसलाय."

एवढं पुरे झालं. आपला पहिला नंबर दुसऱ्याला द्यायचा आणि तोही हिला?

"कोण म्हणतं द्यायचं नाही?" वहिनी ताडकन उठल्या. "सर, लिहा माझ्या बेबीचं नाव!"

सरांनी लिहिलं. शाई वाळायच्या आत वहिनींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या भिंतीला टेकल्या. इंजिनिअर गेली. आपल्या हाताने घालवली. आता पोरीला काय तोंड दाखवायचं?

तेवढ्यात बेबी आली. पिन आणायला गेलेली पोरगी हातोडी आणि बारीक खिळे घेऊन आली होती. "पिन टिकली नसती, आई," म्हणत ती खाली बसली, दोन ठोके दिले आणि पट्टा बसवला. मग तिने मान वर केली. सरांच्या समोरच्या यादीत पहिलंच नाव तिचं होतं.

वाकून तिने ते पुन्हा एकदा वाचलं. मग हळूच म्हणाली, "आई, तुला कसं कळलं?"

"काय?"

"मला हेच हवं होतं ते. मी सुट्टीभर सरांकडे येत होते. स्टूल पण मीच नीट केलं. तुला सांगायचा धीर होईना, म्हणून तर आत्ता घराच्या पायरीवर रडत बसले होते." आणि भर व्हरांड्यात तिने आईला मिठी मारली.

वहिनींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. केसांतही भुसा होता.

"आईला सगळं कळतं," त्या म्हणाल्या. आवाज जरा कापला, पण तो आनंदाने कापला असं बेबीला वाटलं.

संध्याकाळी हेडक्लार्क घरी आले ते डोकं धरूनच. जन्मात पहिल्यांदा त्यांनी शाळेची गोष्ट घरात काढली. "कळत नाही, लोकांना काय झालंय! विद्यार्थी मिळत नाहीत म्हणून, आजही कोणी आलं नाही तर सुतारकाम बंद करायचं ठरलं होतं. सरांना निरोपाचा नारळ द्यायचा बाकी होता. आणि आज दुसरा वर्ग काढायची पाळी आली!"

"हो का?" वहिनी स्टुलावर बसत म्हणाल्या. "मला कुठे काय माहीत? तुम्ही काही सांगता का?"

पुढे सुतारकामाचे सर त्याच शाळेतून सन्मानाने निवृत्त झाले. गणिताच्या सरांकडे त्या वर्षी मोजकी मुलं उरली. ती खरोखर गणित आवडणारी निघाली, तेव्हा सर आयुष्यात पहिल्यांदा वर्गात हसताना दिसले. डॉक्टरांचा मुलगा दातांचा डॉक्टरच झाला. कानशीची सवय कामाला आली म्हणतात. बँकेतल्या बाईंच्या मुलाने एकच फळी केली, तीही तिरकी. तो बँकेत मोठा साहेब झाला, फळी त्याच्या केबिनमध्ये लागली आणि तिच्यावरून फायली अजून घसरतात. बेबीने नाटकांचे सेट उभे करण्यात नाव काढलं. तिचे जिने खोटे असायचे, पण त्यांवरून माणसं खरी चढायची. हेडक्लार्क निवृत्त झाले, तरी शाळेची गोष्ट पुन्हा कधी घरात आली नाही.

आणि क्लार्कवहिनी? दर वर्षी नववीच्या मुलांच्या आया त्यांच्याकडे येत. "वहिनी, आतली बातमी काय?"

न डगमगणाऱ्या त्या स्टुलावर बसून वहिनी शांतपणे सांगत, "बातमी कसली विचारताय? पोराच्या खिशात काय सापडतं ते बघा."

विचारायला आलेली बाई समाधानाने उठून दारापर्यंत जायची. तेवढ्यात मागून वहिनींचा आवाज यायचा, अगदी हळू, जरा कासावीस.

"पण काय हो... तुम्ही कुठल्या रांगेत उभ्या राहणार आहात?"