दाजी घाडी आणि खाजणवाडीचा मूळपुरुष

दाजी घाडींना नवीन माणूस भेटला की ते त्याला नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. पहिला प्रश्न, "कोणाच्या व्हिसाचो?"

मी बहारीनमधल्या जिदहफ्सच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले तेव्हा माझे खोके अजून लिफ्टमध्येच होते. निळ्या कव्हरॉलमधले, रंगाचे डाग मिरवणारे एक गृहस्थ समोर उभे राहिले. "कोणाच्या व्हिसाची गो तू?"

"नवऱ्याच्या."

"आणि घोव कोणाच्या?"

"एजंटच्या."

दाजी असं काही "अरेरे!" म्हणाले की मला वाटलं, नवऱ्याला ऑफिसात काही झालं. संध्याकाळी ते बांगड्याचं तिखलं घेऊन आले. का, तर आम्ही दोघं निराधार! मी कोल्हापूरची, आमच्याकडे माणसं चांगली भावकीने गजबजलेली असतात. निराधार म्हणवून घेणं माझ्या पचनी पडायला दोन वर्षं लागली. तिखलं मात्र त्याच दिवशी पचलं.

दाजी सलमाबादच्या एका गॅरेजात डेंटर आहेत. ठोकलेला दरवाजा हातोडीने असा सरळ करतात की गाडीच्या मालकालाही आपण कुठे आपटलो ते सापडू नये. पण हे पोटापुरतं. खरा उद्योग म्हणजे खाजणवाडीची वंशावळ. ही त्यांची कोकणातली वाडी, आणि वाडीतली निम्मी माणसं बहारीनला. दाजींचा सिद्धांत साधा आहे. जन्म आईबाप देतात, ते तिकडचं झालं. "पण हय हाडल्यान कोणी?" इथे आणलं कोणी, हा त्यांचा सवाल. इथे माणूस व्हिसाने जन्मतो. ज्याने व्हिसा पाठवला तो बाप, ज्याला पाठवला तो मुलगा.

त्यामुळे भलते घोळ होत. एका मुलाने आपल्या वडिलांना इथे वॉचमनच्या कामावर आणलं. वंशावळीत मुलगा झाला बाप आणि बाप झाला मुलगा. दाजी त्या म्हाताऱ्याला दर सणाला सांगत, "बापाशीच्या पाया पड!" आणि मुलगा लाजून पळत सुटे. कुणी रिलीज घेऊन दुसऱ्या कंपनीत गेला की तो 'दत्तक गेला'. कुणी कतारला गेला की त्याने 'घराणा सोडल्यान'.

गाडी रंगवताना काचा झाकायला जो तपकिरी कागद लावतात, त्याच्या रोलवर ही वंशावळ पेन्सिलीने लिहिलेली होती. शुक्रवारी सकाळी दाजी तो रोल आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये उलगडत, कारण त्यांचा पॅसेज पुरत नसे. शेजारची मल्याळी बाई कचरा टाकायला निघाली की दाजी ओरडत, "देखके, देखके! सावंत लोग पे पाँव मत रखो!"

एवढ्या लांब कागदावर वरची एक जागा तेवढी मोकळी होती. मूळपुरुषाची. परब म्हणत, आमचे आजोबा पांडुरंग पहिले आले. सावंत म्हणत, आमचे लक्ष्मण. तीस वर्षं हा वाद चालला होता. मी एकदा म्हटलं, "दाजी, दोघांना शेजारी शेजारी लिहून टाका. खलास!"

"मूळपुरुष दोन? मगे देवाक काय सांगू?"

ही खरी अडचण होती. दाजी घाडी घराण्यातले. वाडीच्या देवासमोर गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराचा, आणि गाऱ्हाण्याची सुरुवात मूळपुरुषाच्या नावाने होते. इथल्या माणसांसाठी असं गाऱ्हाणं घालायचं दाजी वर्षानुवर्षं पुढे ढकलत होते. आणि आता त्यांची साठी उलटली होती, कंपनी व्हिसा वाढवणार नव्हती. महिन्याभरात परत जायचं. निरोपाच्या जेवणाला सगळी वाडी जमणार, आणि कागदाच्या माथ्यावर शुकशुकाट!

एका सकाळी दाजींनी माझं दार असं बडवलं की मी हातातला चहा ओट्यावर सांडला. हातात दोन जुन्या पासपोर्टांच्या झेरॉक्स, शिक्क्यांवरच्या तारखा पुसट झालेल्या. एक परबांकडून मिळवलेली, एक सावंतांकडून. तीस वर्षं दोन्ही घरांनी आपापला कागद दुसऱ्याच्या नजरेला पडू दिला नव्हता. "बघ गो! दोघांचो कफील एकच!" व्हिसा देणारं घर एकच होतं, मुहर्रकमधलं. "गाडी काढ. यल्ला!"

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये फोन करून सुट्टी टाकली. खोटं कशाला बोलू, मलाही आता राहवत नव्हतं.

मुहर्रकच्या त्या बोळांत चार ठिकाणी विचारून शेवटी घर सापडलं. हाजी यूसुफ नावाचे ऐंशीच्या घरातले गृहस्थ बैठकीत बसले होते. जुन्या बहारीनी माणसांसारखं छान हिंदी बोलत होते. दाजींनी झेरॉक्स पुढे केल्या. "हाजी, इन दोनों में पहले कौन आया? पांडुरंग या लक्ष्मण?"

हाजींनी कागद डोळ्यांजवळ नेले आणि हसले. "पहले? पहले तो जानकी आई."

"कोण जानकी?"

"हमारी आया. मुझे उसी ने पाला. फिर बोली, मेरे गाँव का एक लड़का है, काम दो. वालिद ने दिया. फिर बोली, एक और है." मग हाजींना काय आठवलं कोण जाणे, त्यांनी बोट उगारलं आणि डोळे वटारून अस्सल मालवणीत म्हणाले, "गप रव! जेव आधी!"

दाजी ताडकन उठले. अरबाच्या तोंडून आपल्या वाडीचा आवाज ऐकून त्यांनी हाजींचे दोन्ही हात धरले आणि हलवतच राहिले. परतताना गाडीत ते सीटबेल्टमध्ये मावत नव्हते. म्हणजे लहानपणी ऐकलेली जानकी घाडी! त्यांच्याच भावकीतली विधवा, मुंबईला कामाला गेली आणि नंतर वाडीने तिचं नाव घेणंच टाकलं. आणि तिनेच अख्ख्या वाडीला पोटापाण्याला लावलं होतं!

निरोपाच्या शुक्रवारी दुपारी आमच्या गच्चीवर कागदाच्या माथ्यावर जानकीचं नाव बघून परब आणि सावंत आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला झाले. "बाईमाणूस मूळपुरुष? असा खय असता?" दाजी पुढे झाले. नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि असा आवाज लावला की खालची मल्याळी बाई धावत वर आली.

"बा देवा म्हाराजा! आमका ह्या मुलखात हाडणारी, आमची मूळमाय, जानकी घाडी..."

इथे सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. कुणी बोलेना. दाजींनी तीच ओळ पुन्हा म्हटली. मला राग आला. माझा ना गाव, ना देव, पण मी जिवाच्या आकांताने ओरडले, "व्हय म्हाराजा!" मग तो वॉचमन म्हातारा ओरडला, मग त्याचा मुलगा, आणि पुढच्या ओळीला सगळी गच्ची दणाणली. सावंतही. मला रडू आलं, ते मी उन्हावर ढकललं.

जेवणं झाल्यावर मी आणि दाजी रोल गुंडाळत बसलो. गुंडाळता गुंडाळता त्यांचं नाव आलं. खाली काहीच नव्हतं.

"दाजी, तुम्ही कुणालाच नाही आणलंत?"

दाजींनी कागदाची एक सुरकुती हाताने सपाट केली. मग म्हणाले, "माझ्या बायलेचो, सुमनचो फॅमिली व्हिसा काढलेलंय. पगार नियमात बसना, म्हणान अकरा वर्षां लागली. व्हिसा इलो आणि आठ दिसांनी ती गेली." मग एकदम माझ्याकडे वळून, घाईने, "ज्याचो व्हिसा इलो पण माणूस येवक नाय, तो धरूचो काय गो?"

"धरायचा," मी म्हटलं.

त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. "तूच लिही. माझा अक्षर आज बरा येवचा नाय."

मी त्यांच्या नावाखाली रेघ ओढली आणि लिहिलं, सुमन. दाजी वाकून बघत होते.

"ती येवक नाय, असा लिहू नको हां," ते म्हणाले.