चला, गर्दी व्हा

आमच्या शेजारचे हमीदमामू हिवाळाभर रोज संध्याकाळी दारात येत, चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरच उभे राहत आणि म्हणत, "दिलीपभाऊ, चला. गर्दी व्हा."

मी शहरात, गुलमंडीच्या बाजारात कापडाच्या दुकानात नोकरीला आहे. दिवसभर गर्दीपुढं कापडाचे तागे उलगडायचे, बसमध्ये गर्दीत उभं राहून खुलताबादला यायचं आणि घरी जरा टेकलो की स्वतःच गर्दी व्हायचं! पण मामूंना नाही म्हणणं कुणालाच जमत नाही. माणसाचा चेहराच असा, की चुलीवर दूध उतू चाललंय आणि घरात कुणी नाही.

गर्दी लागायची ती त्यांच्या कालवडीला. वासरं वाढवून पशुप्रदर्शनात उतरवायचा मामूंना नाद. मागच्या वर्षी त्यांची बिजली रिंगणात शिरली आणि तेवढ्यात भोंगा किंचाळला. बिजली उधळली ती मामूंसकट. दोरी सोडायचं मामूंना सुचलं नाही, त्यामुळं ते थेट चहाच्या टपरीत जाऊन थांबले. पुढं कित्येक दिवस पोरं त्यांना पाहिलं की तोंडानं भोंगा वाजवायची. मामू बाजारात जायचे बंद झाले.

"नावातच घोळ झाला," असं ठरवून यंदाच्या देवणी जातीच्या कालवडीचं नाव त्यांनी सबूरी ठेवलं. "ही बिचकली, तर पुन्हा वासराला हात लावायचा नाय," असंही जाहीर केलं.

सबूरी सबुरीनं वाढली, मामू मात्र झुरत गेले. तिला पाजायचं दूध फार गरम नाही ना, हे ते आधी कोपरावर टाकून पाहत. मग भांडं घेऊन आमच्याकडं येत. "वहिनी, जरा तुमचं कोपर लावा. माझं म्हातारं झालं, त्याला काय कळतंय!" लसूणघासाची मूठन् मूठ हुंगून तिच्यापुढं टाकत. तिचं शेण जरा पातळ झालं की यांना घास जात नसे. उन्हात बसून तिच्या अंगाला खरारा करायचे आणि तेवढ्यात एखादा ढग आला, तर तिला सर्दी होईल म्हणून आत नेऊन बांधायचे.

आणि संध्याकाळी तालीम. काशीनाथकाका, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, बादलीत तोंड घालून भोंगा व्हायचे. आमची ही ताट बडवायची. मामूंच्या मोबाइलवर बँडबाजा लागायचा. मी परीक्षक. वासराच्या पाठीवर हात फिरवायचा, शेपूट उचलायची, दात पाहायचे.

"तोंड वाकडं करा, दिलीपभाऊ. परीक्षक हसत नसतो. अन् काका, जरा जोरात! ऐन वक्ताला..."

हे वाक्य मामूंनी कधीच पुरं केलं नाही. सबूरी एवढी सरावली, की बँडबाजा चालू असताना खाली बसून रवंथ करी. तरी मामूंचं समाधान होत नसे. "अजून एक डाव व्हऊ द्या. चहा टाकतो." वासरू झोपेला आलेलं आणि आम्ही टाळ्या वाजवतोय! या काळजीपायी माणूस एक दिवस खुळा होणार, असं मी हिला म्हणालोही होतो.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही सगळेच गेलो. सबूरीचा नंबर आला आणि भोंगा नेमका किंचाळला. सबूरीनं एक कान हलवला आणि शांत उभी राहिली. मामू मात्र खांबासारखे ताठ. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, तरी दोरी धरलेला हात वर जाईना.

परीक्षकांनी विचारलं, "वय काय?"

"एकाहत्तर," मामू म्हणाले.

मंडप हसून लोळला. मामूंचे पाय जमिनीला चिकटले ते चिकटलेच. शेवटी सबूरीच पुढं झाली आणि त्यांना ओढत रिंगणाची फेरी पुरी करून आली. दुसरा नंबर मिळाला. फेटा बांधताना परीक्षक म्हणाले, "वासरू छान तयार केलंय. मालकाला जरा गर्दीची सवय लावा."

आम्ही हुश्श केलं. आता संध्याकाळ आपली, म्हणून मी दोन-तीन दिवस पाय पसरून टीव्ही पाहिला.

चौथ्या दिवशी मामू दारात. चेहरा तोच, दूध उतू चाललेला.

"का हो मामू, सबूरी बिचकली?"

"नाय नाय. ती लई शहाणी हाय." ते चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिले. "परीक्षकसाब म्हणले व्हते ना, मालकाला सवय पायजे म्हणून... तर म्हणलं, जरा गर्दी व्हता का?"

आम्ही गेलो. सबूरी मागं गोठ्यात होती. अंगणात तिच्या खुंट्याजवळ सतरंजी अंथरलेली, कपबश्या धुऊन पालथ्या घातलेल्या. ना ताट, ना बादली. मामी गेल्यापासून या अंगणात कुणी नुसतं बसायला म्हणून आलेलं मला आठवेना. मीसुद्धा तसा कधी आलो नव्हतो.

काशीनाथकाका सतरंजीवर मांडी घालून बसले, ही बसली, मी बसलो. मामू उभेच. मोजल्यासारखे आम्हा तिघांकडं पाहत होते.

"चहा टाका की, मामू," मी म्हणालो.

"टाकतो ना." ते लगबगीनं वळले आणि दारातच थांबले. "आदण ठेवलंच नव्हतं, भाऊ. म्हणलं, ऐन वक्ताला कुणी आलंच नाय तर..."