लाभार्थींनी बाहेर थांबावे

मांजरी गावात 'इक्षुवन हाइट्स' नावाची सोसायटी आहे. तिथे पूर्वी ऊस होता म्हणून हे नाव पडलं, आणि आता नाव आहे म्हणून कुणाला उसाची आठवण येत नाही. या सोसायटीत, चौथ्या मजल्यावरच्या बद्रीनाथ ठोंबरे यांच्या हॉलमध्ये, सर्व कुटुंबीयांच्या समक्ष, लाडू पडला.

लाडू हा ठोंबऱ्यांचा वयस्कर लॅब्रॅडॉर. पाण्याच्या भांड्याकडे निघाला होता. मध्येच त्याचे चार पाय चार दिशांना गेले आणि तो पोटावर पसरला. उठायला गेला, घसरला. पुन्हा उठायला गेला, पुन्हा घसरला. शेवटी आपल्याला इथेच बसायचं होतं असा चेहरा करून तो बसून राहिला. घरातली धाकटी, रस्त्यावरून आणलेली चिवडा नावाची कुत्री, त्याच्याभोवती नखं वाजवत फिरत राहिली.

दोष फरशीचा होता. बिल्डरने घातलेल्या टाइल्स इतक्या चकचकीत होत्या की पंख्यावरची धूळ बघायला मान वर करावी लागत नसे. डॉक्टरांनी लाडूचे मागचे पाय दाबून पाहिले आणि म्हणाले, "औषध देतो, पण त्याच्या पायाखाली पकड हवी. असाच घसरत राहिला तर एक दिवस उठायचाच नाही. फरशी बदला."

बद्रीनाथांच्या ते मनाला लागलं. लाडूला पिल्लू असताना त्यांनीच स्वेटरमध्ये गुंडाळून आणलं होतं. शिवाय ते निवृत्त झाल्यापासून त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा घरात तो एकटाच होता. बद्रीनाथांची सगळी हयात सरकारी बांधकामं मार्गी लावण्यात गेली होती. फरशीचं कामही त्याच शिस्तीने होईल असं त्यांनी जाहीर केलं आणि बैठक बोलावली.

"लाभार्थी दोन," ते म्हणाले. "लाडू आणि चिवडा. फरशी टिकाऊ हवी. नखांचे ओरखडे पडता कामा नयेत. लाभार्थींकडून काही सांडलं, लवंडलं किंवा अन्य काही झालं, तर ते एका फडक्यात निघालं पाहिजे. आणि पाय घसरता कामा नये."

"म्हणजे शहाबादी," त्यांच्या पत्नी सुशीलाबाई म्हणाल्या.

उत्तर बरोबर होतं, पण बैठकीच्या पहिल्याच मिनिटाला आलं होतं, आणि हा गुन्हा कोणतीही बैठक माफ करत नाही.

"आई, शहाबादी मोरीत घालतात," खराडीच्या आयटी पार्कात काम करणारा शुभंकर लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला. "माझी टीम घरी आली तर काय म्हणेल? प्रीमियम फील नको का?"

"खरंच की. लोक काय म्हणतील," सुशीलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी आपली सूचना तिथल्या तिथे मागे घेतली.

मग दुकानं पालथी घालणं सुरू झालं. लाकडात पाणी मुरलं की ते फुगतं, संगमरवरावर हळदीचा डाग कायमचा बसतो, आणि गालिच्याबद्दल चिवडाचं मत सर्वांना आधीच ठाऊक होतं. अखेर एका चकाचक शोरूममध्ये सूरज नावाच्या विक्रेत्याने विनाइलच्या पट्ट्या काढल्या. दिसायला सागवान, हाताला किंचित खरखरीत, वर बादली ओतली तरी आत थेंब शिरणार नाही अशा. बद्रीनाथांनी खिशातून किल्ली काढून पट्टीवर करकचून ओढली. ओरखडा नाही. मग ते स्वतः तिच्यावर उभे राहून दोनदा उडी मारून आले.

"काका, हत्ती पाळा," सूरज म्हणाला.

"आपण बोलू नका. लाभार्थीला बोलू द्या," बद्रीनाथ म्हणाले, आणि गाडीतून लाडूला घेऊन आले.

लाडू नमुन्याच्या फरशीवर उभा राहिला. एक पाऊल टाकलं, थांबला, दुसरं टाकलं. घसरला नाही. मग तो या टोकापासून त्या टोकापर्यंत, कित्येक महिन्यांनी, कुत्र्यासारखा चालला. बद्रीनाथांना भरून आलं. लाडूलाही आलं असावं, कारण त्याने तिथेच शू केली. सूरजने फडकं काढलं, एकदाच फिरवलं आणि हात पसरून म्हणाला, "बघितलंत? एका फडक्यात!" इतकं यशस्वी प्रात्यक्षिक बद्रीनाथांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

काम सुरू झालं तेव्हा दोन्ही कुत्र्यांना खाली वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलं. वॉचमन संपत मांजरी गावातलाच. सोसायटीच्या बांधकामातून उरलेली खडबडीत शहाबादी फरशी केबिनमध्ये बसवलेली होती. "ऱ्हाऊ द्या की साहेब," संपत म्हणाला. "हितं काय खराब व्हायचं हाय?"

"तात्पुरती व्यवस्था आहे," बद्रीनाथांनी त्याला बजावलं. सरकारी माणसाच्या तोंडी हा शब्द आला की पुढची पिढी त्याच व्यवस्थेत लहानाची मोठी होते, हे त्यांना माहीत असायला हवं होतं.

फरशी झाली. इतकी देखणी झाली की सगळे दाराबाहेरच उभे राहून बघत बसले. उद्घाटनासाठी शेजारीपाजारी बोलावले, दाराला फीत लावली. नारळ फोडायची वेळ आली तेव्हा तो नव्या फरशीवर कसा फोडायचा असा प्रश्न आला, म्हणून तो लिफ्टपाशी फोडण्यात आला. बद्रीनाथांचं भाषण झालं. भाषणात 'लाभार्थी' हा शब्द इतक्या वेळा आला की शेजाऱ्यांना वाटलं एखादी सरकारी योजनाच जाहीर होतेय. संपतने लाडू आणि चिवडाला वर आणलं. लाडूने नवी फरशी पाहिली, शेपूट हलवलं आणि पुढचा पाय उचलला.

"अहो, पाय पुसलेत का त्याचे?" सुशीलाबाई ओरडल्या.

पाय पुसले. मग नखांचा मुद्दा निघाला. "ओरखडे पडत नाहीत हे सिद्ध झालंय," बद्रीनाथ म्हणाले.

"ते दुकानातल्या फरशीवर. ही आपली आहे," सुशीलाबाई म्हणाल्या. नखं कापून आणेपर्यंत लाभार्थी पुन्हा खाली गेले.

नखं कापून झाली तोवर नागपूरचे पाहुणे यायचे ठरले. ते बघून जाऊ देत, मग आणू. पाहुणे गेले तेव्हा दिवाळी आली होती. दिवाळीनंतर सुशीलाबाईंनी फरशीवर जाड प्लॅस्टिक अंथरलं, कारण एवढी टिकाऊ फरशी पुन्हा पुन्हा होत नसते. प्लॅस्टिकवरून बद्रीनाथांचे दोन पाय दोन दिशांना गेले आणि ते टीव्हीसमोर पसरले. तेव्हा प्लॅस्टिकवर जुनी सतरंजी आली. आता पकड चांगली होती, पण सतरंजीवर केस पडले असते, म्हणून कुत्री खालीच राहिली. पाहुणे आले की बद्रीनाथ सतरंजीचा आणि मग प्लॅस्टिकचा कोपरा उचलत आणि तळहाताएवढी फरशी दाखवत. पाहुणे वाकून बघत आणि तोंडात बोटं घालत. घरची मंडळी भिंतीच्या कडेकडेने स्वयंपाकघरात जात आणि ओट्याशी उभ्याने जेवत. शुभंकर, ज्याला कंपनीने ऑफिसला या म्हणून तीन ईमेल धाडले होते, तो आता रोज आपण होऊन खराडीला जाऊ लागला.

बद्रीनाथ मात्र दिवसचे दिवस केबिनमध्ये घालवू लागले. तिथे बसायला जागा होती. शहाबादीवर लाडू सरळ उभा राहत होता, पाण्यापर्यंत चालत जात होता, आणि त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकत होता. डॉक्टर येऊन बघून गेले. "छान! फरशी बदललेली दिसतेय," ते म्हणाले. "बदलली," बद्रीनाथ म्हणाले. हे खोटं नव्हतं.

अशी फरशी एकाच घरी कशी राहील? सोसायटीतल्या प्रत्येक कुत्रेवाल्या घराने ती घातली, आणि प्रत्येक घराचं कुत्रं केबिनमध्ये आलं. केबिन भरली. तेव्हा अध्यक्षा मंदाकिनी नगरकर यांनी तातडीची सभा घेतली.

"सोसायटीच्या श्वानांना असल्या मोरीच्या फरशीवर बसावं लागतं, ही आपल्या सर्वांना लाज आणणारी गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "केबिनलाही तीच आधुनिक, टिकाऊ, स्वच्छतेला सोपी फरशी बसवावी असा ठराव मी मांडते."

टाळ्या झाल्या. खिडकीतून बद्रीनाथांना केबिन दिसत होती. लाडू नुकताच झोपेतून उठत होता. एकदाही न घसरता उठला, अंग झाडलं आणि उन्हात येऊन उभा राहिला. आहे ती फरशी चांगली आहे, तिला हात लावू नका, एवढंच बोलायचं होतं. वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं.

"आणि या कामाच्या समितीचं अध्यक्षपद," मंदाकिनीबाई म्हणाल्या, "ठोंबरेसाहेबांनीच स्वीकारावं. त्यांच्याएवढा अनुभव आपल्यात कुणाला आहे?"

बद्रीनाथ उभे राहिले. घसा खाकरला.

"लाभार्थी किती?" त्यांनी विचारलं.

केबिनची फरशी फार सुंदर झाली आहे. ती खराब होऊ नये म्हणून दाराला कुलूप असतं. संपत बाहेर स्टुलावर बसतो आणि रात्री मफलर बांधतो. कुत्री फाटकाबाहेरच्या मातीत असतात. मागच्या आठवड्यात लाडू स्वतःच निघाला. जिन्यात तो किती वेळा बसला हे कुणी पाहिलं नाही. चौथ्या मजल्यावर पोहोचून तो आपल्या घराच्या दाराला नाक लावून उभा राहिला. बद्रीनाथांनी दार उघडलं. लाडूचे मागचे पाय थरथरत होते आणि शेपूट हलत होतं. त्यांना वाटलं, खाली वाकावं आणि त्याला उचलून आत घ्यावं. त्यांनी मागे वळून सतरंजीकडे पाहिलं.

"थांब हं, राजा," ते म्हणाले. "एवढं हळदीकुंकू होऊन जाऊ दे."

लाडूने तेही शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पायपुसण्यावर बसला. अजून तिथेच बसतो.

फरशी बघायची इच्छा असल्यास आपण अवश्य यावं. चपला बाहेर काढाव्यात, लाडूच्या शेजारी जागा आहे. कोपरा उचलून दाखवण्यात येईल. हसू आल्यास मात्र आपल्या घरी जाऊन हसावं: कव्हर घातलेल्या सोफ्यावर टेकून, शोकेसमधल्या न वापरलेल्या कपबश्यांकडे बघत. ते सगळं ज्यांच्यासाठी आणलं होतं, ती माणसं सध्या कुठे बसतात, तेवढं जाता जाता पाहावं.