साठ टक्क्यांची मच्छरदाणी

"आकडा कधी खोटं बोलत नाही!" हे वाक्य निकेशने सावलीच्या स्टँडवरून सुटलेल्या एस.टी.त इतक्या वेळा घोकले, की गाव येईपर्यंत त्याला स्वतःच्या आवाजाची भीती वाटेनाशी झाली. लाजाळू माणसाला एवढे धैर्य पुष्कळ!

तलावाकाठच्या त्या गावातील शंभर घरांची हिवतापाची पाहणी त्याने केली होती. मच्छरदाणी वापरणारी ऐंशी घरे, त्यांपैकी बारांत ताप. न वापरणारी वीस, त्यांपैकी आठांत. तक्त्याच्या चार चौकटींत सारे गाव मावले होते. गावाच्या सभेत तो तक्ता दाखवताना मात्र आडव्या ओळीवर ठेवायचे बोट उभ्या रकान्यात घसरले.

"तापाची घरं वीस. त्यांत मच्छरदाणीवाली बारा. म्हणजे साठ टक्के!"

"आगा माय!" पुढच्या रांगेतल्या सुगंधाबाई ताडकन उठल्या. "मंग हे मच्छरदाणीच ताप आनते म्हना की!"

"तसं नव्हे, बाई..." हे त्याचे त्यालाच ऐकू आले.

दुसऱ्या सकाळी साऱ्या मच्छरदाण्या तलावात! जणू पांढरे ढगच झिंगे धरायला पाण्यात उतरले होते. पावसाळा तोंडावर आलेला. आपल्या एका भागाकारापायी किती पोरे कुडकुडतील, या विचाराने निकेशने तक्ता पुन्हा तपासला आणि चूक सापडली. तो गावातले जुने मासेमार मुखरूभाऊ यांच्याकडे धावला.

"भाऊ, चुकलो! तापाच्या घरांनी भागलं. ऐंशीत बारा म्हणजे पंधरा टक्के, अन् विसांत आठ म्हणजे चाळीस!"

मुखरूभाऊंनी विडी विझवली. "म्हंजे एका घाटावर ऐंशी जन गेले, बारा रिकामे आले. दुसऱ्यावर वीस गेले, आठ रिकामे आले. खराब घाट कोन्ता?"

"दुसरा!"

"मंग काल असं काऊन नाई सांगतलं? रिकाम्यायलेच मोजत बसले!"

मुखरूभाऊंनी घाटांचा हिशेब घरोघरी सांगितला. संध्याकाळपर्यंत मच्छरदाण्या घरी परतल्या, माशांच्या वासासकट. सुगंधाबाईंची तेवढी फाटली होती. निकेशने आपली त्यांना दिली.

पंधराव्या दिवशी तो मुक्कामाच्या जागी, शाळेच्या ओसरीवर, तापाने फणफणत पडला होता. मुखरूभाऊ माशांचा रस्सा घेऊन आले, तेव्हा त्याने तक्ता पुढे ओढला.

"बिनमच्छरदाणीवाले आता एकवीस, भाऊ. ताप नऊ."

मुखरूभाऊंनी तक्त्यावरच्या एकवीसवर बोट ठेवले.

"पर सर, हे तं घरं मोजून राह्यले ना तुम्ही? तुमचं घर कुठी हाये? तुम्ही तं एकटेच!"

निकेशने खोडरबर मागितले.