तारमास्तरांचा डाख

आमच्या दुकानामागच्या कडब्याच्या गंजीला आग लागली, तेव्हा ती सगळ्यात आधी पाहिली तारमास्तरांनी. ते नेहमीच्या चालीने दुकानात आले आणि म्हणाले, "मागे आग."

मी गिऱ्हाइकापुढे खणांचा ढीग मांडून बसलो होतो. नीट ऐकलंच नाही. म्हटलं, "बसा मास्तर, पान घ्या." मास्तर बसले. नको म्हणण्यात एक शब्द वाया गेला असता. त्यांनी पानाला चुना लावला, सुपारी घातली, पान गालात सरकवलं आणि म्हणाले, "वाढली."

निम्मी गंज जळाली, पण मास्तरांना दोष कसा द्यावा? सांगायचं ते त्यांनी सांगितलंच होतं, तेही दोनदा.

मास्तरांनी, म्हणजे गोविंदरावांनी, दौंड-मनमाड लाइनीवरच्या लहान स्टेशनांत सत्तावीस वर्षं तारा पाठवल्या. लोकांची बाळंतपणं, मरणं, बदल्या सहा-सात शब्दांत कोंबता कोंबता त्यांचं स्वतःचं बोलणंही तसंच होऊन बसलं. निवृत्त होऊन बेलापुरात आले ते ही सवय घेऊनच. लग्नात नवरानवरी पाया पडली की आशीर्वाद यायचा, "नांदा." कुणाकडे मयत झालं तर तासभर बसायचे आणि निघताना म्हणायचे, "वाईट." मी शपथेवर सांगतो, तासभर गीता सांगणाऱ्यांपेक्षा त्या घरच्यांना मास्तर बरे वाटायचे.

जीभ अशी स्वस्थ, पण बोटांना चैन नाही. ओसरीवर बसले की पाटावर टकटक. कीर्तनाला बसले की पुढच्या माणसाच्या पाठीवर टकटक. तो बिचारा वीतभर पुढे सरकला की मास्तरही वीतभर पुढे.

त्यांनी वाचवलेले सगळे शब्द त्यांची बायको, अनसूयाकाकू, खर्च करायच्या. आडावर सुरू झालेली गोष्ट त्या पिठाच्या गिरणीपाशी संपवायच्या, आणि गिरणीच्या आवाजातही ती शेवटपर्यंत ऐकू यायची.

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात काकूंना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं आणि जीभही उचलेना. कान शाबूत, डोकं शाबूत, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज. मास्तरांनी डाव्या हातात पाटीवरची पेन्सिल दिली, तर कोंबडीने उकरल्यासारख्या रेघा उमटल्या. दोन दिवसांनी काकूंनी पाटी भिरकावली आणि भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. चार चमचे पेजेपलीकडे काही घेईनात. मिशनच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, "औषध देतोय, पण बाईंनी मनच काढून घेतलंय. ते परत आणा, नाहीतर कठीण आहे."

आणि अशा वेळी मास्तरांनी मुंबईहून पार्सल मागवलं.

पुठ्ठ्याच्या खोक्यावर दोन गोरी गुबगुबीत पोरं हसत होती. आत तांब्याच्या तारेचं रीळ, ठोके द्यायची पितळेची किल्ली, लोखंडाची पट्टी, खिळे, लाकडी फळी आणि इंग्रजीत छापलेला कागद. मुलांनी घरच्या घरी तारयंत्र जोडायचा संच होता तो. शेजारच्या साळूबाई डोकावल्या.

"मास्तर, ह्ये काय आनलंय?"

"हिच्यासाठी."

साळूबाई तडक माझ्या दुकानात. "म्हातारा खुळावला बघा. बायको भितीकडं तोंड करून पडलीया आन् ह्यो तिला खेळनं जोडतोय."

मलाही तसंच वाटत होतं.

आता तुम्हाला वाटेल, तारेचाच माणूस, तासाभरात जोडील. पण सत्तावीस वर्षं मास्तरांनी यंत्राची फक्त किल्ली दाबली होती. आत हात घालायचा नाही, असा साहेबाचा हुकूम. बिघडलं की दुसरा माणूस यायचा. तेव्हा या कामात मास्तर खोक्यावरच्या त्या पोरांएवढेच नवशिके.

ओसरीवर शेगडी पेटली. निखाऱ्यात तांब्याच्या टोकाची सळई तापली. राळेचा धूर असा उसळला की काकूंचं भूत उतरवायला मांत्रिक आलाय, असं अर्ध्या गल्लीने मानलं. तारा एकमेकींना डाखाने, म्हणजे वितळवलेल्या कथलाने, चिकटवायच्या होत्या. मास्तर सळईवरच डाख वितळवून तारेवर ओतत होते. पहिल्या दिवशी गुळाच्या खड्यांएवढे गोळे झाले आणि हात लावताच टपाटप गळले. दुसऱ्या दिवशी पितळेची किल्ली ज्या पितळी तबकात ठेवली होती, त्या तबकालाच पक्की बसली. हा एकच डाख उत्तम लागला होता. तिसऱ्या दिवशी सगळं जागच्या जागी दिसत होतं. मास्तरांनी टॉर्चचे दोन सेल जोडले, किल्ली दाबली. यंत्र गप्प.

"मेलं," मास्तर म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी उठलो आणि बाजारातून रहीमभाईंना घेऊन आलो.

रहीमभाई डबे आणि कंदील झाळायचे. विजेशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. त्यांनी फळी उलटसुलट केली, नखाने एक गोळा उडवला आणि म्हणाले, "मास्तर, ह्यो डाख हाय का भजी?"

मास्तरांनी उडालेला गोळा उचलून पाहिला.

"आवो, डाख नका तापवू, तार तापवा. तार तापली की डाख आपसूक येतो तिच्याकडं. आन् ही तार घासली का?"

"नवी आहे."

"नवी असंल, पन अंगाला काय तरी चोपडलंय तिच्या. वार्निस हाय ह्ये. मळक्या अंगाला डाख धरत न्हाई, कंदील असो न्हाई तर तुमचं मशीन."

त्यांनी चाकूने तारेची टोकं खरवडली, नवसागर लावला, मास्तरांच्या हातात सळई दिली आणि वरून स्वतःचा हात धरला. या खेपेला डाख पाण्यासारखा पसरला आणि चांदीसारखा चमकून बसला. किल्ली दाबली. लोखंडी पट्टी म्हणाली, कट्ट.

मास्तर फळी घेऊन तडक आत. मागोमाग रहीमभाई, मी आणि आवाज ऐकून आलेल्या साळूबाई, आम्ही तिघे उंबऱ्यात. काकूंची पाठच दिसत होती. मास्तरांनी खाटेशेजारी फळी ठेवली आणि स्वतःच पाच-सहा ठोके दिले. कट्ट, कड-कट्ट.

काकूंची मान हलली. हळूहळू, खूप वेळ घेत त्या या कुशीवर वळल्या.

"काकूंस्नी ही भाषा येती?" साळूबाई कुजबुजल्या.

"सत्तावीस वर्षं भिंतीपलीकडे हिचा स्वयंपाक," मास्तर म्हणाले. "शिकाऊ पोरं ठोके मोठ्याने पाठ करायची. हिने ऐकलं. इंग्रजी अक्षरं स्टेशनच्या पाटीवरून. साहेब येतोय, ही तार मी उतरवायच्या आत एकदा हिचं चहाचं आधण उकळत होतं. मी योगायोग समजलो."

एवढं बोलून त्यांना धाप लागली.

काकूंचं डावं बोट किल्लीवर टेकलं. आधी नुसतं थरथरलं, मग ठोके पडू लागले, थांबत, चुकत, पुन्हा पहिल्यापासून. मास्तर त्या छापील कागदाच्या कडेला एकेक अक्षर उतरवत होते. बोट थांबलं. मास्तरांनी वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"काय म्हन्त्यात?" साळूबाई.

"म्हणते, तुम्ही फार वाळलात."

तेवढ्यात पट्टी पुन्हा वाजू लागली, या वेळी बरीच जोरात.

"म्हणते, साळूबाई उभी आहे. पाट द्या."

साळूबाई पाट न घेताच मटकन खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावला.

काकूंना ऐकू येत होतं. मास्तरांनी तोंडाने उत्तर दिलं असतं तरी भागलं असतं. पण त्यांनी फळी आपल्याकडे ओढली आणि किल्लीवर बोट ठेवलं. कितीतरी वेळ ती कटकट चालली होती. काकूंच्या तोंडाची बरी बाजू आधी ताणली गेली, मग त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि मास्तर काही थांबेनात.

रहीमभाईंनी माझा दंड धरला. साळूबाई उठल्या. आम्ही तिघांनी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता अंगण ओलांडलं. गल्लीत कोण कुणाला काय बोललं, हे संध्याकाळपर्यंत मला ठाऊक नाही असं सहसा व्हायचं नाही. हे मात्र मी कधी विचारलं नाही.