गजराज, चपळा आणि सोनकीचं टेकाड

बाळांनो, एका जंगलात झाडांपेक्षा समित्या दाट उगवल्या होत्या. वाघ कधीच निवृत्त झाला होता. कारभार समितीकडे होता आणि समितीचे अध्यक्ष होते आप्पासाहेब गवा. भारदस्त आवाज, भारदस्त मान. बोलण्यापूर्वी ते एकदा खोकत आणि खोकण्यापूर्वी सगळीकडे बघून घेत.

एके दिवशी वरच्या तळ्याचा बांध फुटला. सखल भागात चिखलच चिखल झाला. मध्ये एक टेकाड उरलं आणि त्या टेकाडावर अडकली सोनकी भेकरीण. बिचारी पळताना घसरली होती. पाय मुरगळून सुजला होता. भोवती दलदल आणि खायला टेकाडावरचं तेवढं गवत.

सखू टिटवी धावत... म्हणजे उडत आली.

"आप्पासाहेब, आपली सोनकी अडकलीय हो! तिला आणायला पाहिजे, नाहीतर उपाशी मरेल ती!"

आप्पासाहेब खोकले. "मी स्वतः गेलो असतो. पण माझं वजन बघता मी मध्येच रुतेन. समिती बोलवा."

समिती बसली. समितीत तज्ज्ञ म्हणून नानासाहेब अस्वल होते. ते एकदा शहराच्या कडेला मध शोधायला गेले होते आणि तिथे त्यांनी एक ट्रॅक्टर जवळून पाहिला होता. तेव्हापासून यंत्राची गोष्ट निघाली की सगळे त्यांच्याकडे बघत.

"चिखलातून जायला रानगाडी लागते," नानासाहेब म्हणाले. "चार जाड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, पुढेमागे सामानाच्या जाळ्या. चांगली थोरली घेऊ. घ्यायचीच तर नीट तुलना करून घेऊ."

"तुलना झालीच पाहिजे," आप्पासाहेब म्हणाले. तुलना हा शब्द त्यांना फार आवडे.

गाड्या विकायला तरसशेठ आला. तरस ना तो, सारखा हसायचा. कशालाही हसायचा. त्याने दोन गाड्या आणल्या. एक होती गजराज. रुंद, ठेंगणी, पोलादी, पुढे तार गुंडाळायचं चक्र. दुसरी होती चपळा. लांब, सडसडीत, उंच स्प्रिंगांवर डोलणारी.

"गजराज अवजड आहे," नानासाहेब म्हणाले. "अवजड गाडी जमीन धरून राहते."

"चपळा हलकी आहे," समितीतलं एक माकड म्हणालं. "हलकी गाडी तरंगल्यासारखी जाते."

लगेच दोन गट पडले. बाळांनो, गट पडायला काही लागत नाही. दोन वस्तू समोर ठेवल्या की पुरे.

"वजन किती लिहिलंय?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"माहितीपत्रकात आहे की," तरसशेठ हसला. "पण ते कोरडं वजन हं साहेब. टाकीत पेट्रोल नाही, इंजिनात तेल नाही, वर कोणी बसलेलं नाही."

"मग गाडी चालते कशी?"

"तशी चालत नाही. तसं फक्त वजन करतात. ही ही ही!"

मग खरं वजन करायचं ठरलं. वडाची आडवी फांदी घेतली, एका टोकाला गजराज बांधली, दुसऱ्या टोकाला चपळा. फांदी मोडली. त्यावर फांदीच्या दर्जाची चौकशी करायला उपसमिती नेमली.

तिकडे सोनकी गवत खात होती. आधी कोवळं खाल्लं. मग जून खाल्लं. सखू चोचीत एकेक काडी नेऊन देत होती, पण काडीने कुठे भेकराचं पोट भरतं? मला विचाराल तर मला त्या सखूचंच फार वाटतं. दिवसभर ओरडायची आणि दिवसभर उडायची.

"साहेब, एकच विचारते," ती बैठकीत म्हणाली. "यातली कुठली चिखलात कमी रुतेल?"

नानासाहेबांनी तुलनेचा तक्ता वरखाली पाहिला.

"तो रकाना यात नाही," ते म्हणाले.

पुढची बैठक बनावटीवर झाली. आप्पासाहेबांना गाडीवर बसायची बैठक रुंद हवी होती. शिंगांना वारा लागू नये म्हणून पुढे काच हवी होती. नानासाहेबांना मधाचं मडकं ठेवायला कप्पा हवा होता. माकडांना लोंबकळायला वर छत हवं होतं, तेही घट्ट लोखंडी. तरसशेठ सगळं बसवून देत गेला आणि हसत गेला. हलकी चपळा आता तेवढी हलकी राहिली नव्हती आणि अवजड गजराजचं तर बोलायलाच नको.

शेवटी आप्पासाहेबांनी निकाल दिला. कोणाचंच मन दुखवायचं नाही. दोन्ही घ्यायच्या!

आता जंगलाची एक रीत होती. नवीन गाडी आली की पहिली फेरी मानाची. नारळ फुटल्याशिवाय आणि मानकरी बसल्याशिवाय चाक हलत नसे. सखू ओरडली, "अहो, गवत संपलं, सोनकी टेकाडावरच्या झुडपाची साल सोलून खातेय! आधी तिला आणा!" पण रीत ती रीत. गजराजला झेंडूच्या माळा घातल्या आणि तिच्यावर आप्पासाहेब बसले. पूर्ण. शिंगांसकट. चपळावर नानासाहेब बसले, मडकं बसलं, वर छताला सगळी माकडं लटकली.

गजराज थाटात चिखलात उतरली. काठापासून जरा पुढे गेली आणि जी बसली, ती छातीपर्यंत. आप्पासाहेब खोकले. मग खोकणं सोडून त्यांनी हंबरडा फोडला आणि कसेबसे काठाकडे उड्या मारून बाहेर आले. त्यांच्या शेवटच्या लाथेने गजराज आणखी खाली गेली.

"मी तार लावून ओढतो!" नानासाहेब ओरडले. वळसा घालून चपळा पुढे निघाली. काही म्हणा, हलकी गाडी ती. गजराजच्या बरीच पुढे गेली. पार टेकाडाच्या जवळ गेली आणि मग तिथे रुतली. माकडांसकट नानासाहेब टेकाडावर उडी मारून पोचले.

सोनकीने समोर पाहिलं. चिखलातून चपळाचं लोखंडी छत वर डोकावत होतं. त्याच्यापुढे गजराजची रुंद बैठक. तिच्यापुढे काठ, आणि काठावर हिरवंगार गवत.

तिला फार भीती वाटली. पाय अजून दुखत होता. पण भूक भीतीपेक्षा मोठी होती. ती तीन पायांवर उडाली. छत, बैठक, काठ! आणि पडली ती थेट गवतात. सखू आनंदाने रडली, ओरडली, तिच्याभोवती नाचली. तिच्यामागून नानासाहेब आणि माकडंही त्याच वाटेने आली. मडकं मात्र चिखलातच राहिलं.

आप्पासाहेबांनी अंगावरचा चिखल झटकला आणि लगेच भाषण केलं.

"मंडळी! सोनकी सुखरूप आहे. वजन आणि बनावट अचूक पारखून घेतली, म्हणूनच हे घडलं. एक गाडी जवळ रुतायची होती, एक लांब. समितीने दोन्ही निवडल्या!"

टाळ्या पडल्या. तरसशेठ हसून हसून लोळला.

"पण साहेब," सखू म्हणाली, "तुम्ही पहिल्याच दिवशी चार ओंडके टाकले असते तर?"

नानासाहेबांनी तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "ओंडक्याचं कोरडं वजन तरी माहीत आहे का तुला?"

त्याच बैठकीत ठरलं की रुतलेल्या दोन गाड्या ओढून काढायला तिसरी गाडी घ्यावी. आणखी थोरली.

सोनकी गवत चावत ऐकत होती. घास गिळून ती हळूच म्हणाली, "सखूबाई, तेवढं सांग ना त्यांना. तिसरी गाडी टेकाडाला अगदी लागून रुतवा म्हणावं. पुढच्या वेळी कोणी अडकलं तर पहिली उडी फार लांब पडते."

तात्पर्य: गाडी अवजड घ्यावी की हलकी, असा प्रश्न पडला तर दोन्ही घ्याव्यात. एका गाडीने पूल होत नाही.