काल कोणी गेलं नाही, नोंद घ्यावी

आमच्या लोणारात थंडी गाडीनं येते. मी नाही म्हणत, वानखडेमामा म्हणतात. सकाळी गल्लीच्या तोंडाशी उभे राहून, कानटोपीवर मफलर गुंडाळून ते ओरडतात, "प्रवाशांनी लक्ष द्यावे! उत्तरेकडून सुटलेली थंडी खामगाव, मेहकर, सुलतानपूरमार्गे आपल्या गल्लीत पोचलेली आहे. ज्याच्या छातीत कफ हाये त्यानं फलाटावर उभं राहू नये. नोंद घ्यावी!"

मामाची सारी नोकरी एस.टी. स्टँडवर, माईकसमोर गेली. रिटायर झाले तेव्हा माईक तिथंच राह्यला, आवाज घरी आला. समोर माणूस भेटला की मामा जय भीम घालतात, पण दुसऱ्या नंबरवर. पहिल्या नंबरवर बातमी.

मले त्यायचा आवाज लय मस्त काढता येते. नाक धरायचं, घशातून माईकवानी 'कर्रर्र' करायचं अन् सुरू. एकदा मी पानठेल्यामागून 'मेहकर गाडी फलाट क्रमांक दोनवर' अशी हाक देली, तर दोन पाहुणे चहा टाकून पळाले. नेमके मामा मागं उभे! मले वाटलं, आता कानाखाली बसते. मामा म्हणाले, "खोकला विसरला बे. आधी खोकला, मग गाव."

पेपरातून मामाले नेमकी भेवाची बातमी सापडते. पेरूचा भाव, शाळेचं गॅदरिंग, हे त्यायच्या डोळ्याले दिसतच नाही. मागच्या हिवाळ्यात एक बिबट्या त्यायनं डोणगावहून सोडला. दुसऱ्या दिवशी तो मेहकरले आला. तिसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "बिबट्या लोणारकडं निघालेला आहे. पोचण्याची वेळ अनिश्चित." झालं! अंधार पडला की गल्ली चिडीचूप. शेवटी बिबट्या आलाच नाही. "रद्द झाला," मामा म्हणाले. पण मी अजूनही सरोवराकडच्या रस्त्यानं जातानी मोठ्यानं गाणं म्हणतो.

सगळ्यात भेव त्यायच्या एका वाक्याचं. कुठं म्हातारं माणूस गेलं की मामा आवाज खाली आणून सांगतात, "गवळ्याच्या बुढ्याची गाडी गेली. म्हाताऱ्यायच्या गाड्या थंडीतच सुटतात."

घोषणा झाली की मामा काठी घेऊन गल्लीत फिरतात. जिथं जिथं एकटं म्हातारं हाये, तिथं दारावर काठी. "सुभद्राबाई, ऐकलं का?"

"हाव!" आतून सुभद्राआजी.

"मोठ्यानं!"

"हाव रे मेल्या! हाये मी, मेली नाही अजून!"

"नोंद घेतली." मग पुढचं दार, देशमुख मास्तरांचं. 'हाव' आल्याबिगर मामाचा पाय हलत नाही. मास्तर संडासात असले तर मामा दारात उभे. आम्हाले वाटे, काय कटकट हाये बाप्पा सकाळी सकाळी!

संक्रांतीले मात्र मामाची पंचाईत. सुभद्राआजी दारातच त्यायच्या हातावर तिळगूळ ठेवते. "घे, अन् एक दिवस तरी गोड बोल." मामा विचार करतात. खोकतात. मग म्हणतात, "काल गल्लीतून कोणी गेलं नाही. नोंद घ्यावी. याहून गोड मले येत नाही बाई."

यंदाची संक्रांत उगवली ती धुईतच. समोरची भिंत दिसेना. मी ब्रश तोंडात घालून अंगणात उभा होतो. काहीतरी चुकल्यावानी वाटत होतं, काय ते समजेना. तेवढ्यात शेजारून सुभद्राआजीचा बारीक आवाज आला.

"बाबू, मी हाये का रे?"

"म्हणजे?"

"वानखड्यानं हाक नाही मारली. मले वाटलं, माही गाडी गेली अन् त्याले माहीत हाये, म्हणून तो तसाच पुढं गेला."

आजी सोताच्या ओट्यावर गोधडीत बसून सोताले चिमटे घेत होती. मी हात धरला. बर्फ!

"थंड हाये ना?" ती म्हणे.

"थंडी हाये म्हणून थंड हाये वो आजी!" मी हासलो, पण तिचा हात सोडला नाही.

मास्तर बाहेर आले. "माझ्याकडं आला नाही. वाटलं, तुमच्याकडं अडकला."

मग आम्ही तिघंही गल्लीच्या शेवटाकडं पाहू लागलो. तिथं मामाचं घर. धुईत तेही दिसत नव्हतं. आजीनं तिळगुळाची वाटी घेतली, चालतानी माही बाही धरली, अन् मी, खोटं काऊन बोलू, मास्तरांची शाल धरली.

दाराले आतून कडी. मास्तरांनी थाप मारली. "वानखडे! अहो वानखडे!" काहीच नाही. पुन्हा थाप. काहीच नाही.

मामी जाऊन दोन हिवाळे झाले. पोरगी नाशिकले. आम्ही साऱ्यायनं वर्षभर मामाले 'हाव' देला, पण मामाचा 'हाव' कोणी घेतला होता? या दारावर सकाळी कोणाचीच काठी वाजत नव्हती. रडू येईन म्हणून मी नाक धरलं. नाक धरलंच होतं, तर तोंडातून तेच निघालं.

"कर्रर्र... प्रवाशांनी लक्ष द्यावे! वानखडेमामा, ऐकलं का?"

आजीनं दाराले कान लावला. आत काहीतरी सरकलं. अन् मग अगदी दाराच्या फटीतून, फुग्यातली हवा सुटावी तसा आवाज आला.

"हाव."

कडी निघाली. मामा दोन घोंगड्यात, गळ्याले फडकं, अंग तापलेलं. आवाज पुरा बसलेला. "मास्तरले बी हाव म्हणलं," ते कुजबुजले, "बाजेवरून पोचलंच नाही."

"मेल्या, मले जित्तेपणी मारलं ना तू!" म्हणून आजीनं आधी शिव्या देल्या, मग तिळगूळ देला, मग पदर डोळ्याले लावला. मास्तर डॉक्टरले आणाले गेले. मी मामाची काठी उचलली अन् राहिलेली दारं करून आलो.

चार-सहा दिवसांनी मामाचा आवाज परत आला. पुन्हा थंडी सुलतानपूरमार्गे आली, पुन्हा काठी वाजली, आजीनं पुन्हा शिव्या देल्या. गल्ली संपली. पण मामा घरात गेले नाहीत. सोताच्या दारात उभे राह्यले. मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. माह्या अंगणाकडं पाह्यलं, नजर वळवली, पुन्हा पाह्यलं.

मी तोंडातला ब्रश काढला अन् नाक धरलं.

"वानखडेमामा, ऐकलं का?"

"हाव!" मामा असे ओरडले की झाडावरचे कावळे उडाले. मग दार लोटता लोटता थांबले.

"खोकला विसरला बे," म्हणाले, अन् आत गेले.